आठ घरं, एक छाप



भाऊबंदकीनं घर कसं बुडतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बांधावरचं भांडण कोर्टात जातं आणि बापाचा दावा नातू चालवतो. दुसरा रोग याच्या उलटा. भाऊबंद एकदिलानं धंद्यात उतरले, की थोड्याच वर्षांत धंदा त्यांच्याच पोरांनी नि पाहुण्यांनी भरून जातो. काम एकाचं, पगार चौघांचे. या दोन्ही रोगांवर जपानातल्या आठ घरांनी शंभर वर्षांपूर्वी औषध काढलं. त्याची हकीकत सांगावी म्हणून हा लेख.

धंदा सोया सॉसचा. जपानी लोक त्याला शोयू म्हणतात. आपल्या जेवणाला जसं मीठ-तिखट, तसा त्यांच्या जेवणाला शोयू. सोयाबीन वाफवायचं, गहू भाजून भरडायचा, दोन्ही एकत्र करून त्यावर कोजी नावाची बुरशी चढवायची. मग मिठाच्या पाण्यात घालून महिनोन्‌महिने आंबवायचं आणि शेवटी दाबून रस काढायचा. आपला ऊस तोडल्यावर लवकर गाळपाला गेला नाही तर नुकसान. इथं सगळं उलटं, घाई केली तर नुकसान.

तोक्योजवळ नोडा नावाचं गाव आहे. जवळच्या मुलखात सोयाबीन आणि गहू पिकतो, आणि माल राजधानीला न्यायला नदी. तिथं १६६१ साली ताकानाशी घराण्यानं शोयू करायला सुरुवात केली. पुढं मोगी घराणंही त्यात उतरलं. मोगींची मूळ बाई १६१५ साली ओसाकाचा किल्ला पडल्यावर पोराला घेऊन पळून आली, अशी त्यांच्या घरातली कथा आहे. घराणी वाढली, शाखा फुटल्या, सोयरिकी झाल्या. सगळे शेजारी, सगळे नातलग आणि बाजारात सगळे एकमेकांचे स्पर्धक.

पण ही मंडळी शहाणी. १८८७ साली त्यांनी उत्पादकांचा संघ काढला आणि कच्चा माल, मजुरी, विक्री याबाबत आपसात मेळ घातला. मग डिसेंबर १९१७ मध्ये मोगींच्या शाखा, ताकानाशी आणि होरिकिरी अशा आठ घरांनी आपापले कारखाने एकत्र करून एकच कंपनी केली. तीच आजची किक्कोमन.

एकत्र येणं सोपं होतं असं समजू नका. त्या घरांचे मिळून दोनशेंवर छाप होते. छाप म्हणजे घराची अब्रू, आजा-पणज्याची कमाई. त्यांतला मोगी साहेइजी यांच्या घरचा ‘किक्कोमन’ हा छाप पुढं ठेवायचं ठरलं आणि हळूहळू बाकीचे मागं पडले. सात घरांनी आपलं नाव खाली उतरवून आठव्याचं वर चढवलं. आपल्याकडं पाटीवर कुणाचं नाव आधी, एवढ्यावरून सभा मोडते!

दुसरं बंधन मला याहून मोठं वाटतं. प्रत्येक घरातून एका पिढीत एकानंच कंपनीत यायचं. बाकीच्या पोरांनी दुसरी वाट धरायची. आत आलेल्यालाही वरची खुर्ची ठरलेली नाही. २००४ साली तर आठ घरांबाहेरचा माणूस प्रथमच कंपनीचा अध्यक्ष झाला. मालकीहक्क असताना स्वतःच्या लेकरांना दार बंद करायचं, याला छाती लागते.

या घरांना देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. १९२७ च्या सप्टेंबरात नोडाचे कामगार संपावर गेले. संप २१८ दिवस चालला. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा जपानातला तो सर्वांत लांबलेला संप. मालकांनी हजारावर कामगारांना काढून टाकलं. गाण्याबजावण्यात नसलेली ही बाजूही सांगितली पाहिजे. आठ घरांनी आपसातलं भांडण मिटवलं, पण मजुराला आपल्यात धरलं नव्हतं. घरातली एकी वाड्याच्या भिंतीशी थांबली तर भिंतीबाहेर वणवा पेटतो.

पुढं परदेशी गेल्यावर मात्र ते सावध दिसतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात वॉलवर्थ इथं त्यांचा कारखाना १९७३ साली सुरू झाला. आधी तिथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला होता. चांगली शेतजमीन कारखान्यात जाणार, घाण होणार, ही भीती. कंपनीच्या लोकांनी बैठका घेऊन समजूत घातली, कारखाना गहू-सोयाबीनवरच चालणार हे पटवलं आणि कामाला माणसं तिथलीच घेतली.

कुणी म्हणेल, ती भांडवलाची कंपनी, आपला सहकार. तिथं शेअरवर मत, इथं एका सभासदाला एक मत. बरोबर आहे. म्हणूनच प्रश्न आपल्याला जास्त लागू होतो. मालकाचं नुकसान मालकाच्या खिशातून जातं. सहकारी कारखान्यात खोगीरभरती झाली, तर तिचा बोजा प्रत्येक सभासदाच्या टनामागच्या भावातून वसूल होतो. संचालकाचा भाचा, कार्यकर्त्याचा मेव्हणा म्हणून घेतलेला बिनकामाचा माणूस तुमच्या-माझ्या उसावर जगतो. आणि खरं बोलायचं तर दोष एकट्या संचालकांचा नसतो. चिठ्ठी मागायला त्यांच्या दारात उभे असतात ते सभासदच.

आठ घरांना हा नियम सरकारनं घालून दिला नव्हता. त्यांनी आपल्या हातानं आपले हात बांधून घेतले, म्हणून धंदा टिकला. भरतीला ठरलेली पात्रता, नातेवाइकांना मर्यादा आणि दोन्हींची नोंद सर्वसाधारण सभेपुढं, एवढं कोणत्याही सहकारी कारखान्याला करता येईल. ठराव मांडायला सभासदच लागतो. पण मांडताना आपल्याही पोराचं नाव त्यात अडकेल, याची तयारी ठेवूनच हात वर करावा.