'ध'चा 'मा'

गोष्ट सांगण्याच्या निरनिराळ्या तऱ्हांना मराठी भाषेने नेमके शब्द दिले आहेत. प्रस्तावनाच लांबली तर 'नमनाला घडाभर तेल'. पूर्वी रात्रीचे खेळ मशालींच्या उजेडात होत. आरंभीच्या नमनातच घडाभर तेल जळाले, तर पुढील कथेला उजेड कोठून आणायचा? कंटाळवाणे बोलणे लांबत गेले की त्याचे 'चऱ्हाट' होते. चऱ्हाट म्हणजे जाड दोर. इंग्रजीतही लांबलचक गोष्ट सांगण्याला 'सूत कातणे' अशा अर्थाचा वाक्प्रचार आहे. दोर वळताना गप्पा मारणाऱ्या खलाशांकडून तो आला, असे मानतात. वृत्तान्त चविष्ट व्हावा म्हणून पदरचे शब्द घालणे म्हणजे 'तिखटमीठ लावणे'.

या साऱ्यांत फार तर श्रोत्याचा वेळ जातो. 'ध'चा 'मा' करणे या वाक्प्रचारामागे मात्र एका तरुण पेशव्याचा मृत्यू आहे.

३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांची हत्या केली. लोकपरंपरा सांगते की, चुलते रघुनाथरावांनी 'नारायणरावांस धरावे' असा हुकूम दिला होता. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी त्यातील 'ध'चा 'मा' केला आणि 'धरावे'चे 'मारावे' झाले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना दोषी धरले.

चांदीप, विरार, वसई हा मुलूखही या घटनेच्या परिणामांतून सुटला नाही. पेशवेपद मिळवण्यासाठी रघुनाथरावांनी १७७५ च्या सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली. हीच वसई १७३९ मध्ये त्यांचे सख्खे चुलते चिमाजी अप्पा यांनी पोर्तुगीजांकडून जिंकली होती. १७८० च्या अखेरीस वसईचा किल्ला इंग्रजांनी घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली.

हत्या आणि तह इतिहासात नोंदले गेले आहेत. आनंदीबाईंनी अक्षर बदलल्याचा निर्णायक पुरावा मात्र नाही. तरीही अडीचशे वर्षे त्यांचे नाव या वाक्प्रचाराला चिकटून राहिले आहे. शब्द बदलल्याचा दोष ज्या गोष्टीने त्यांच्यावर ठेवला, ती गोष्टच तोंडोतोंडी पक्की होत गेली.

व्यापारी घराण्यांना याचे मोल निराळे सांगावे लागत नाही. धनादेशावरील रक्कम किंवा नाव संमतीवाचून बदलले, तर १८८१ च्या पराक्रम्य संलेख अधिनियमाच्या कलम ८७ नुसार संमती न देणाऱ्या पक्षकाराविरुद्ध तो निरर्थक ठरतो. कागदावरची खाडाखोड निदान दिसते. पेढीविषयी बोललेल्या वाक्याची खाडाखोड दिसत नाही. 'अमक्यांचे पैसे या महिन्यात उशिरा आले' हे वाक्य चार दुकाने फिरले की 'अमके बुडाले' असे होते. मग उधारीवर माल देणारा हात आखडतो, ठेवीदार ठेव मागू लागतो आणि चालती पेढी खरोखरच अडचणीत येते. तीन पिढ्यांनी कमावलेली पत एका ऐकीव वाक्याने जाऊ शकते.

म्हणून कोणाच्या व्यवहाराची, सोयरिकीची किंवा घरभांडणाची गोष्ट कानावर आली, तर मूळ शब्द काय होते आणि ते कोणी ऐकले, हे आधी विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर ती गोष्ट आपल्यापाशीच थांबवावी.