अंगणवाडी नेमकी कोणाच्या अंगणात?

बालविकासाच्या सरकारी नोंदवह्या चाळल्या, तर तीन ते सहा वर्षांच्या बालकास केवळ वजन, उंची आणि हजेरी असते, असा समज व्हावा. त्याला जात असते, घरची भाषा असते, क्वचित एखादे अपंगत्व असते, आणि त्यावरून त्याने कोठे बसावे हे कोणीतरी ठरवीत असते; याची दखल घेणारा रकाना माझ्या पाहण्यातील एकाही तपासणी-प्रपत्रात नव्हता. जे मोजले जात नाही ते प्रशासनाच्या लेखी घडतच नाही.

वास्तविक 'अंगणवाडी' ही कल्पनाच भेदभावाला उत्तर म्हणून जन्मली. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत केंद्रांना हेच नाव मिळाले. नाव राहिले, अंगण मात्र बदलले. दलित-आदिवासी वस्त्यांना नव्या केंद्रांत प्राधान्य द्या, हे सर्वोच्च न्यायालयाला १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सांगावे लागले, यातच सर्व आले.

"एवढ्याशा मुलांना जात काय कळते?" हा प्रश्न मला सहकाऱ्यांनी अनेकदा विचारला आहे. उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात डिसेंबर २०२१ मध्ये काही विद्यार्थ्यांनी दलित भोजनमातेने शिजवलेले अन्न नाकारले. ती मुले माध्यान्ह भोजन घेणाऱ्या वयाची होती. हा धडा त्यांना कोणत्या पाठ्यपुस्तकाने दिला? आपल्या ताटाला कोणी हात लावायचा नाही, हे मूल अक्षरओळखीच्या आधी शिकते. मग ज्या वयात ते शिकले जाते, त्याच वयात ते पुसण्याचा प्रयत्न नको काय?

कायदाही येथे तोकडा पडतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने भेदभाव आणि मानसिक छळ यांपासून संरक्षण दिले. पण त्याच्या व्याख्येतील 'बालक' सहा ते चौदा वर्षांचे. त्याखालील बालकांसाठी कलम ११ मध्ये शासन व्यवस्था 'करू शकेल', एवढेच म्हटले आहे. प्रशासनात 'करू शकेल' याचा अर्थ काय होतो, हे वाचकांस सांगावयास नको.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मराठी माणसांना यातील एक बाजू अनुभवाने कळावी. बेंगळुरू वा कोलकात्याच्या बालवर्गात पहिल्या दिवशी गप्प बसलेले आपले मूल मंद नसते. त्याची भाषा तेथे कोणी बोलत नसते, इतकेच. गडचिरोलीतील माडिया मूल प्रमाण मराठीसमोर असेच गप्प बसते. आपल्या मुलासाठी जी सहानुभूती आपण मागतो, ती त्यालाही देण्याची तयारी हवी. मातृभाषेचा आग्रह धरणारे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण अंगणवाडीच्या उंबरठ्यावर अडखळते, कारण सेविका निवडताना वस्तीची भाषा येते का, हे कसोशीने पाहिले जात नाही.

माझे म्हणणे भाषणांनी वा परिपत्रकांनी भागणारे नाही. प्रत्येक तपासणीत चार प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. केंद्र कोणत्या वस्तीत आहे? आहार कोण शिजवते, आणि तो सर्व मुले एकत्र बसून खातात काय? मुलांची घरची भाषा सेविकेस येते काय? अपंग मूल खेळात सामील होते, की कोपऱ्यात बसते? गावाने बहिष्कार घातला, तर बदली मदतनिसाची होता कामा नये. गावाची समजूत घालण्यास अधिकाऱ्याने स्वतः जावे आणि त्याच पंगतीत जेवावे.

याला खर्च जवळजवळ शून्य आहे. म्हणूनच निधी नाही, ही सबब येथे चालणार नाही.