पावती फाटली, रस्ता तसाच



दसरा-दिवाळीचे दिवस आले की आपल्या भागात दोन गोष्टी एकदम वाढतात. एक रस्त्यावरची गर्दी, दुसरी चौकातली नाकाबंदी. आणि दरवर्षी तोच संताप ऐकू येतो. पोलीस झाडाआड उभे राहून मोबाईलवर फोटो काढतात, दंड पडल्याचं घरी गेल्यावर कळतं, सगळा खेळ वसुलीचा आहे, वगैरे. गटाच्या बैठकीतही बायका यावर तावातावानं बोलतात. बोलणारच. गाडी चालवतो नवरा किंवा मुलगा, पण दंडाचे पैसे बऱ्याचदा विडीच्या नाहीतर धुण्याभांड्याच्या मजुरीतून जातात.

हा राग खोटा नाही. पण ‘दंड का घेता?’ एवढंच विचारून आपण थांबतो. ‘तुम्ही उभे कुठं राहता?’ हे कुणी विचारत नाही.

होटगी ते सोलापूर या रस्त्याचंच घ्या. होटगी रेल्वेचं जंक्शन खरं, पण कामाच्या वेळा आणि गाडीच्या वेळा जुळल्या तर नशीब. रोज शहरात कामाला जाणाऱ्या बायकांची भिस्त एसटीवर, शेअर रिक्षावर आणि स्वतःच्या पायांवर. 17 मार्च 2023 पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालं, ते चांगलंच झालं. पण गाड्या यात्रेला जादा म्हणून निघाल्या की गावची फेरी रद्द होते. जी गाडी आलीच नाही तिचं अर्धं तिकीट काय कामाचं? मग अंधारात रस्त्याच्या कडेनं चालायचं. आणि नेमका याच दिवसांत उसाचा गळीत हंगाम सुरू होतो. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर आलेला ऊस, मोठ्यानं लावलेली गाणी. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक हवा असा नियम आहे. तो नाही म्हणून अंधाऱ्या पट्ट्यावर ट्रॉली अडवून ठेवलेली तुमच्यापैकी कितीजणींनी पाहिली आहे? पावती फाटते ती उजेडातल्या चौकात, जिथं गाड्या आधीच हळू चालतात.

याच होटगी रस्त्यावर साखर कारखान्याची उंच चिमणी होती. विमानांना अडथळा होतो म्हणून जून 2023 मध्ये मोठ्या बंदोबस्तात ती पाडली. बरोबर की चूक, हा वाद इथं नको. विमानाच्या वाटेतला धोका सरकारला दिसतो आणि तो हटवायला फौजही मिळते, एवढं त्यातून कळलं. खालून चालणारीच्या वाटेतला धोका मात्र कुणाच्या नकाशात नसतो.

पोलिसांना हे जमत नाही असं मुळीच नाही. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला लाखो माणसं चालत जातात, त्यांत आपल्या बायका किती असतात ते सांगायला नको. सुमारे 45 किलोमीटरचा रस्ता. त्या दिवसांत वाहतूक दुसरीकडून वळवतात आणि रात्रभर बाई निर्धास्त चालते. आईच्या दारी जाताना जो रस्ता तिचा असतो, तोच कामावरून परतताना तिचा नसतो. आणि भाविक असणंही दरवेळी पुरत नाही. 31 ऑक्टोबर 2022 ला, कार्तिकी वारीसाठी कोल्हापूर जिल्ह्यातून पंढरपूरला निघालेल्या दिंडीत सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ भरधाव मोटार घुसली. सात वारकरी गेले, निम्म्याहून अधिक बायका. आषाढीच्या मोठ्या पालख्यांमागेपुढे पोलीस असतात. रस्त्याच्या कडेनं भजन म्हणत जाणाऱ्या छोट्या दिंडीला कोण विचारतं?

आता थोडं आपल्या घरातलं. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवं, हे 1988 च्या मोटार वाहन कायद्यातच आहे. पण घरात हेल्मेट येतं एकच, आणि ते त्याच्या डोक्यावर जातं. मागे ती एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर मूल, हातात फराळाचा डबा, डोकं बोडकं. अंबाड्यावर आणि गजऱ्यावर हेल्मेट बसत नाही, हे कारण मी शंभरदा ऐकलंय. खरंच बसत नाही. पण केंद्र सरकारच्या 2022 च्या अहवालात देशभरात हेल्मेट नसताना गेलेले 50,029 जीव नोंदले आहेत, आणि त्यांतले 14,337 मागे बसलेले होते. मागच्या सीटवर आपल्याकडं बहुतेकदा कोण असतं? तेव्हा नाकाबंदीत हेल्मेटबद्दल अडवलं तर मी तरी पोलिसांच्या बाजूनं आहे. गजरा घरी पोचल्यावर माळावा.

दारूचा प्रश्न याहून अवघड. लग्न, जत्रा, थर्टी फर्स्ट. तो पिऊन गाडी काढतो हे तिला दिसत असतं. ‘बसू नकोस’ म्हणणं सोपं आहे. रात्री अकराला एसटी नाही, रिक्षावाला मागेल ते द्यावं लागतं, आणि चारचौघांत नाही म्हटलं तर घरी गेल्यावर मार. म्हणून ती मुलाला घट्ट धरून बसते. नाक्यावर पोलीस त्याला धरतात, गाडी जमा करतात. बरोबरच आहे. पण ती आणि मूल त्या काळोखात जायचं कुठं? अशा नाक्यावर महिला पोलीस हवी आणि बाईला घरापर्यंत सोडणारं वाहन हवं. ही सोय असली तर कदाचित तीच पुढे होऊन ‘हा प्यायलाय’ असं सांगेल.

आणखी एक, कार्यकर्त्यांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं. बाई अपघातात गेली की कागदोपत्री तिचा धंदा ‘घरकाम’ एवढाच लागतो, मग ती दिवसाला हजार विड्या वळत का असेना. नुकसानभरपाईच्या दाव्यात हा एक शब्द फार महागात पडतो. विडीचं कार्ड, मजुरीच्या नोंदी लगेच पुढे करायला घरच्यांना मदत करा. आणि ती खरोखर फक्त घरच सांभाळत असेल, तरी त्या कामाला किंमत आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2021 मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे. वकील विसरला तर त्याला आठवण करून द्या.

जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानाचे फलक लागतील, तेव्हा भाषणं ऐकायला आपल्याला बोलावतील. त्याआधी प्रत्येक गटानं एक काम करावं. आपल्या गावाहून शहराकडं जाणारा रस्ता दोघी-तिघींनी अंधार पडल्यावर चालून बघायचा. दिवा कुठं नाही, एसटी कुठं थांबत नाही, साईडपट्टी कुठं खचली आहे, ट्रॉल्या कुठं उभ्या राहतात, ते वहीत लिहायचं. वहीची एक प्रत पोलीस ठाण्यात, एक ग्रामपंचायतीत आणि एक एसटीच्या आगारात द्यायची, पोच घ्यायची. एक प्रत आमच्याकडंही पाठवा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.