उघड करणे आणि उघडे पाडणे

पालीत ‘आविकरोति’ हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ झाकलेले प्रकट करणे. आपला ‘आविष्कार’ हा शब्द त्याच कुळातला. मराठीत आविष्कार बहुधा कलेचा होतो. विनयात मात्र हे क्रियापद दोषासंबंधी येते. उपोसथाच्या दिवशी भिक्खुसंघ पातिमोक्खाच्या पठणासाठी जमतो. ज्याच्या हातून दोष घडला त्याने तो प्रकट करावा, ज्याच्या हातून घडला नाही त्याने मौन राखावे. प्रत्येक प्रकरणानंतर शुद्धतेविषयी तीनदा विचारले जाते. येथे प्रकट करणारा तो स्वतःच असतो आणि प्रकट केल्याने त्याला स्वस्थता लाभते, असे कारणही तेथेच दिले आहे.

मराठीत ‘उघड करणे’ याच्या शेजारीच ‘उघडे पाडणे’ आहे. पहिल्याने मनावरचे ओझे उतरते, दुसऱ्याने मान खाली जाते. निवासी शाळेत हा भेद रोज कसाला लागतो. पैसे हरवले, अंथरूण ओले झाले, मोठ्या मुलाने मारले, ताप अंगावर काढला; मूल सारे लपवते. त्यात त्याचा दोष असो वा नसो, चारचौघांत उघडे पडण्याची भीती तीच.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे, की वंदनेच्या रांगेत नाव घेऊन चुका वाचून दाखवणे ही विनयाची शिस्त नव्हे. गुरुजनांनी व पालकांनी एकांतात विचारावे, पुन्हा विचारावे, ऐकून घ्यावे. मूल आपणहून सांगू लागते, तेव्हाच वसतिगृह त्याचे घर होते.