अगरबत्तीतला बांबू

पेपरच्या दिवशी होस्टेलच्या रूमारूमांतून अगरबत्तीचा वास येतो. पण तिच्या नावाचा विचार केलाय कधी?

लॅटिनमध्ये 'इन्सेन्सुम' म्हणजे जाळलेलं. त्यातूनच इटालियन 'इन्चेन्सो', स्पॅनिश 'इन्सिएन्सो' आले. १८८७ साली साऱ्या जगासाठी म्हणून रचलेल्या एस्परांतोनेही तेच मूळ घेतलं. तिकडे नाव जळण्यावरून, आपल्याकडे वस्तूंवरून. अगर म्हणजे सुगंधी लाकूड, बत्ती म्हणजे वात.

पण अगर आसामकडचा! काडी बांबूची, आणि बांबू तर आपल्या जंगलातला. त्याचाच नावात पत्ता नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला आपला बांबू स्वतः विकायला २०११ साल उजाडावं लागलं. ज्याच्यावर सगळं उभं असतं, तोच विसरला जातो. तेव्हा पुढच्या पेपरला अगरबत्ती लावाल, तेव्हा काडीलाही एक नमस्कार करा.