वाटणीचा डाव

राजावर मात झाली की डाव संपला, पट गुंडाळावा आणि चहा मागवावा, एवढेच मला आजवर ठाऊक होते. राजा मेल्यावरच खरा रंगात येतो असाही एक डाव आहे, हे वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मला नातवाने शिकविले.

त्या खेळाचे नाव 'क्रुसेडर किंग्ज'. स्वीडनमधल्या पॅराडॉक्स नावाच्या कंपनीने तो २००४ साली प्रथम काढला. तिसरा अवतार २०२० सालचा. नातू सुट्टीत आला तो कॉम्प्युटर काखोटीला मारूनच. "आजोबा, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात ना? मग आता राज्य करून दाखवा!" असे म्हणून त्याने मला १०६६ सालच्या आयर्लंडात मन्स्टरच्या गादीवर बसविले. १०१४ साली क्लॉन्टार्फच्या लढाईत पडलेल्या ब्रायन बोरूचा मी नातू. माझे नाव मुर्खाद. स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली, "अहो, शोभते हो नाव!"

मला वाटले होते, तलवार उपसावी आणि मुलूख मारावा. पण तिथे शेजाऱ्याचा परगणा घ्यायचा तर आधी त्यावर हक्क दाखवावा लागतो आणि हक्क नसला तर आपल्या पाद्रीबुवांना बसवून तो तयार करून घ्यावा लागतो! नऊशे वर्षांपूर्वीची ही कागदपत्रे पाहून मला अगदी घरच्यासारखे वाटू लागले. तीन रात्री जागून मी राज्य दुप्पट केले. मुलींची लग्ने केली. तीन मुलगे झाले, त्यांच्याकडे मात्र पाहायला सवड झाली नाही.

मग मुर्खाद वारला. मी चष्मा काढून ठेवला. नातू म्हणाला, "उठताय काय? आता तुम्ही तुमचा थोरला मुलगा!"

थोरला होऊन पाहतो तो काय, निम्म्याहून अधिक मुलूख धाकट्यांच्या नावावर! त्या काळचा कायदाच वाटणीचा. "हा म्हातारा आयुष्यभर करीत तरी काय होता?" मी ओरडलो आणि तोंडातले शब्द तोंडातच राहिले. दोन मिनिटांपूर्वीचा म्हातारा मीच होतो.

"धाकट्याला विष घाला," नातवाने थंडपणे सुचविले. पण माझा हा नवा राजा स्वभावाने दयाळू. या खेळात स्वभावाविरुद्ध वागले की मनाचा ताण वाढतो, आणि तो अति झाला तर राजा दारूच्या नादी लागतो. मी कट सोडून दिला.

ही नुसती खेळाची अतिशयोक्ती नव्हे. इंग्लंड जिंकणारा विल्यम १०८७ साली वारला. थोरल्या रॉबर्टला नॉर्मंडी मिळाली, मधल्या विल्यमला इंग्लंड, धाकट्या हेन्रीला नुसता पैसा. पुढे हेन्री इंग्लंडच्या गादीवर आला आणि ११०६ साली त्याने रॉबर्टला लढाईत धरले. थोरला भाऊ ११३४ साली मेला तो धाकट्याच्या कैदेतच. अठ्ठावीस वर्षे!

वर्गात हे मी कितीदा तरी सांगितले असेल. सांगताना आमच्या गावच्या घराची आठवण एकदाही झाली नाही. वडील मोठे शिस्तीचे. छत्रीवरसुद्धा नाव घालीत. घराचा कागद तेवढा करावयाचा राहिला. परसातल्या विहिरीवरून आम्ही दोघे भाऊ चौदा वर्षे एकमेकांशी बोललो नाही. मग तो गेला. विहीर माझ्याकडे आली; तिचे पाणी काढायला गावी कोणी राहत नाही. दोष मात्र मी आजवर वडिलांच्याच माथी मारीत आलो.

त्या रात्री नातू झोपल्यावर मी कपाट उघडले. 'महत्त्वाचे कागद' असे लिहिलेल्या माझ्या पाकिटात विजेची जुनी बिले निघाली. मलाही दोन मुलगे आहेत. दोघांचे अजून चांगले पटते.

पाडव्याला दोघांनाही बोलावणे धाडले आहे. वकिलांनाही सांगून ठेवले आहे.

"यंदा एवढ्या आग्रहाने बोलावताय ते फराळालाच ना?" सौ.ने विचारले.

म्हटले, "फराळ आहेच. पण मुर्खाद जिवंत आहे तोवर त्याला शहाणा होऊ दे!"