तिसऱ्या फळीचे मोल

मे २०२२मध्ये फ्लोरिडा पँथर्स या आइस हॉकी संघावर मोठी नामुष्की ओढवली. उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये त्या हंगामाच्या साखळीत सर्वाधिक १२२ गुण या संघाने मिळवले होते आणि प्रत्येक सामन्यात सरासरी चारहून अधिक गोल नोंदवले होते. मात्र प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत त्याच राज्यातील टॅम्पा बे लाइटनिंगशी गाठ पडली आणि चार सामन्यांत मिळून या संघाला अवघे तीन गोल करता आले. चारही सामने गमावून पँथर्स घरी परतले. गोलांचा पाऊस पाडणारा संघ अचानक कोरडा का पडला?

उत्तर शोधताना या खेळाची प्रकृती ध्यानात घ्यावी लागते. मैदानी हॉकीत अंगावर जाणे हा गुन्हा ठरतो. बर्फावरील हॉकीत चकती ज्याच्या ताब्यात आहे त्याला खांद्याने वा कमरेने धडकणे नियमात बसते. साखळीत प्रतिस्पर्धी रोज बदलतो, त्यामुळे अशा धडका विरून जातात. प्लेऑफमध्ये एकाच संघाशी कमाल सात सामने खेळायचे असतात आणि स्टॅनले करंडकासाठी अशा चार फेऱ्या जिंकाव्या लागतात. पहिल्या सामन्यात बचावपटूला बसलेल्या धडकेचे व्याज सहाव्या सामन्यात वसूल होते. चकती उचलायला मागे वळताना तो नकळत घाई करतो, पास चुकतो आणि गोल होतो. शिवाय जागा आवळली जाते. मोकळ्या बर्फावर नजाकत दाखवणाऱ्यांना कडेच्या फळ्यांना चिकटून चकतीसाठी झगडावे लागते.

हा धडा लाइटनिंग संघही ठेच लागूनच शिकला होता. २०१८-१९मध्ये त्यांनी ६२ सामने जिंकून त्या वेळच्या विक्रमाची बरोबरी केली आणि पहिल्याच फेरीत कोलंबस ब्लू जॅकेट्सकडून ०-४ असा मार खाल्ला. अशा पराभवानंतर प्रशिक्षकाला नारळ देण्याचा प्रघात आहे. महाव्यवस्थापक ज्युलियन ब्रिझबॉ यांनी मात्र जॉन कूपर यांना कायम ठेवले, ताऱ्यांना हात लावला नाही आणि फेब्रुवारी २०२०मध्ये ब्लेक कोलमन व बार्कले गुड्रो हे दोन खेळाडू आणले. दोघेही तारे नव्हते, पगार माफक. तरी प्रत्येकासाठी पहिल्या फेरीतील निवडीचा हक्क मोजावा लागला. तेव्हा अनेकांना हा सौदा महाग वाटला. यानी गूर्डसह या दोघांची झालेली तिसरी फळी धडका देणारी, चकती हिसकावणारी, अडवणारी आणि वेळप्रसंगी गोलही करणारी होती. २०२० आणि २०२१ असे सलग दोन करंडक टॅम्पाने जिंकले. पुढे वेतनमर्यादेमुळे आणि नव्या सिअॅटल संघासाठी झालेल्या निवडीमुळे हे तिघेही एकाच उन्हाळ्यात निघून गेले, हा भाग वेगळा.

पँथर्सचे महाव्यवस्थापक बिल झिटो यांनी शेजाऱ्याची ही वही नीट वाचलेली दिसते. जुलै २०२२मध्ये त्यांनी जोनाथन ह्युबर्डो आणि बचावपटू मॅकेंझी वीगर यांना कॅलगरीला देऊन मॅथ्यू कचुकला आणले. ह्युबर्डोने नुकतेच गोल आणि साहाय्य मिळून ११५ गुण नोंदवले होते. तोवर संघाच्या इतिहासात सर्वाधिक गुणही त्याचेच होते. चाहत्यांच्या लाडक्या खेळाडूला असे निरोप देणे सोपे नव्हते. परंतु कचुकही १०४ गुणांचा धनी होता आणि ते गुण गोलरक्षकासमोरच्या धक्काबुक्कीत उभे राहून कमावलेले होते. २०२३च्या अंतिम फेरीत छातीचे हाड मोडलेले असताना तो एक सामना खेळला. ती फेरी व्हेगासने जिंकली. पण २०२४ आणि २०२५मध्ये एडमंटनला हरवून पँथर्सने करंडक पटकावला.

‘दणकट संघ’ या शब्दप्रयोगाची गल्लत होते ती येथे. टोरंटो मेपल लीफ्सने २०२३मध्ये रायन रीव्हज या नामांकित मल्लाशी तीन वर्षांचा करार केला. मार्च २०२५मध्ये त्याची रवानगी दुय्यम संघात झाली. मुष्टियुद्ध करणारा खेळाडू बाकावर बसून कोणालाही थकवू शकत नाही. धडक देणाऱ्याला बर्फावर ठेवता आले पाहिजे, म्हणजेच त्याला स्केटिंग, पास आणि बचाव जमला पाहिजे. असे खेळाडू थोडे, म्हणून महाग.

त्यांना पैसा आणायचा कोठून, हा खरा पेच. २०२४-२५मध्ये वेतनमर्यादा ८ कोटी ८० लाख डॉलर होती. टोरंटोच्या मॅथ्यूज, मार्नर, नायलँडर आणि टवारेस या चार आघाडीपटूंनीच त्यातील ४ कोटी ६६ लाखांहून अधिक रक्कम व्यापली होती. पँथर्सचे चार महागडे खेळाडूही ३ कोटी ८१ लाखांच्या घरात होते. परंतु त्यात एक गोलरक्षक होता आणि सॅम बेनेट, कार्टर व्हर्हेगी यांच्यासारखे खेळाडू ४० ते ४५ लाखांत मिळत होते. बेनेटने २०२५च्या प्लेऑफमध्ये १५ गोल केले आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. अर्थात फ्लोरिडात राज्य प्राप्तिकर नसल्याने खेळाडू कमी पगारात राजी होतात, ही प्रतिस्पर्ध्यांची कुरकुर अगदीच निराधार नाही. शिवाय त्या वर्षी प्लेऑफमध्ये वेतनमर्यादा लागूच नव्हती. जखमी कचुकच्या पगाराची जागा मोकळी झाल्याने मार्चमध्ये सेथ जोन्स आणि ब्रॅड मार्चंड यांना सामावून घेता आले.

त्या मे महिन्यात हेच दोन संघ समोरासमोर आले. टोरंटोने पहिले दोन सामने जिंकले. तिसऱ्या सामन्यात जादा वेळेतील निर्णायक गोल ३६ वर्षांच्या मार्चंडने केला. हा मार्चंड बोस्टनचा माजी कर्णधार, पण पँथर्सकडे तो तिसऱ्या फळीत अँटन लुंडेल आणि एटू लुओस्टारिनेन यांच्या जोडीला खेळत होता. टोरंटोत झालेला सातवा सामना पँथर्सने ६-१ असा जिंकला. त्यात या तिघांपैकी प्रत्येकाचा एक गोल होता. मार्नर त्या उन्हाळ्यात व्हेगासला गेला.

या खेळाची किंमत पँथर्सनाही चुकली नाही. सलग तीन वर्षे अंतिम फेरीपर्यंत खेळल्यावर कचुकवर ऑगस्ट २०२५मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरच्या सराव शिबिरात कर्णधार अलेक्झांडर बार्कोव्हच्या गुडघ्याचे स्नायुबंध फाटले. २०२५-२६च्या हंगामाला विजेत्यांनी या दोघांविनाच प्रारंभ केला.